दिवा नेमकं काय सांगतो?

मंडळी, चिखलात एक चाक नुसतं गरगरू लागलं की साध्या डिफरन्शियलमुळे दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. इलेक्ट्रिक लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. त्याचं वायरिंग आज आपण पाहतो आहोत.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघणाऱ्या वायरीत, बॅटरीजवळच, फ्यूज हवा. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग टळते ती त्याच्यामुळे. फ्यूजपासून रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून लॉकरच्या कॉइलला. इग्निशनवरची वीज स्विचमधून ८६ ला. ८५ आणि कॉइलचं दुसरं टोक बॉडी अर्थला. किल्ली बंद, की लॉकही सुटतं.

आता दिवा. तो स्विचला जोडला तर आपण हुकूम दिला, एवढंच तो सांगतो. ८७ ला जोडला तर रिलेने वीज सोडली, एवढं कळतं. लॉक खरंच लागलं का, हे मात्र ॲक्सलमध्ये बसवलेला सेन्सरच सांगू शकतो. कंपनीतूनच असा लॉकर आलेल्या टोयोटा लँड क्रूझरमध्ये लॉक बसेपर्यंत दिवा लुकलुकतो, मग स्थिर होतो.

कोरड्या रस्त्यावर लॉक तसंच राहिलं तर गाडी नीट वळत नाही. तेव्हा हुकूम आणि घटना यांत आपण गल्लत करू नये, बरं का!