प्रयोग परिवार : पत्रांनी बांधलेले विद्यापीठ

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे जाताना पूर्णेच्या काठी केदारखेडा लागते, आणि तेथील काळ्या रानांच्या बांधांवर बाभळीच्या विरळ सावलीत उभी असलेली वारुळे पाहिली म्हणजे मला झिम्बाब्वेतील हरारे शहराची आठवण होते. तेथे १९९६ साली मिक पियर्स या वास्तुविशारदाने वारुळाच्या रचनेवरून कल्पना घेऊन ईस्टगेट ही इमारत उभारली आणि यांत्रिक वातानुकूलनाचा मोठा खर्च टाळला. पुढे संशोधकांनी वारुळांचा प्रत्यक्ष शोध घेतला, तेव्हा असे निष्पन्न झाले की वारुळात वारा जसा खेळतो असे गृहीत धरले होते, तसा तो तेथे खेळतच नाही. इमारत मात्र थंडच राहिली! निसर्ग गुरू खरा, पण शिष्याचा गैरसमज दूर करण्याची तसदी तो घेत नाही. ते काम शिष्यांनीच आपसांत करायचे असते, आणि म्हणून अशा गुरूच्या शाळेत गुरूपेक्षा गुरुबंधूंचीच गरज अधिक.

निसर्गाच्या रचनांवरून मानवी रचना घडवण्याच्या या विद्येचा 'बायोमिमिक्री' हा शब्द जनीन बेन्यस यांच्या १९९७ सालच्या ग्रंथाने जगभर नेला, आणि तिच्या उपासकांची मंडळे देशोदेशी उभी राहिली. परंतु त्यापूर्वी सुमारे तीन दशके, कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीस, मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी असेच एक गुरुबंधूंचे मंडळ जमवले होते, आणि त्याचे भांडवल म्हणजे मुख्यत्वे टपालखात्याची कार्डे! त्याचे नाव 'प्रयोग परिवार'. ना त्याला सनद, ना परीक्षा, ना मोठे दफ्तर; ज्याने आपल्या रानात काही करून पाहिले आणि त्याची प्रामाणिक कैफियत इतरांना कळवली, तो त्याचा सभासद.

दाभोलकरांचे गणितीपण या कामी फार उपयोगी पडले असे मला वाटते. झाड म्हणजे सूर्यप्रकाशाची वसुली करणारी यंत्रणा, आणि प्रत्येक पान हा त्या वसुलीचा कारकून, अशा नजरेने ते पिकाकडे पाहत. कोणत्या पानावर ऊन पडते, कोणते पान दुसऱ्याच्या सावलीत बसून नुसते खाते, पांढरी मुळे कोठवर पोचली आहेत, हे डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी मोजूनच ठरवावयाचे. द्राक्षाच्या बागाइतदाराला तर ही दृष्टी फारच मानवली, कारण महाराष्ट्रातील द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटावी लागते : एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यांत घडाची गर्भधारणा होते आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो घड बाहेर पडतो, म्हणजे उन्हाळ्यात पानांनी केलेल्या कमाईचा हिशेब हिवाळ्यात चुकता होतो. कोणती काडी राखावी, घडामागे किती पाने असावीत, या प्रश्नांची उत्तरे पुस्तकांतून आयती मिळत नव्हती. ती बागाइतदारांनी आपापल्या वेलींकडून काढून घेतली आणि पत्रांतून, बैठकांतून, एकमेकांच्या बागेत जाऊन तपासली. सांगली-तासगावच्या द्राक्षपट्ट्यात वसंतराव आर्वे यांच्या तीक्ष्ण नजरेला थॉमसन सीडलेसच्या बागेतील एक वेगळी वेल दिसली आणि 'तास-ए-गणेश' हे वाण जन्मास आले. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशाच निरीक्षणातून 'सोनाका' निवडली. या दोघांनाही त्यासाठी प्रयोगशाळेची दारे ठोठावावी लागली नाहीत.

द्राक्षापुरतेच हे थांबले नाही. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, पाच माणसांचे कुटुंब सुखाने राहू शकेल अशी तजवीज दाभोलकरांनी मांडली, आणि त्यांचे शिष्य दीपक सुचदे यांनी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बजवाड्यास तीच पद्धती 'अमृत माती'च्या साहाय्याने पुढे चालवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यापासून भाजीपाला आणि फळझाडे पिकवली, त्यामागेही याच विचाराची प्रेरणा होती. बंदरावरच्या सिमेंटच्या गच्चीला शेतजमीन करून दाखवणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

एक उणीव मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. परिवाराची खरी भरभराट पाणी आणि पैसा दोन्ही हाताशी असलेल्या बागाइतदारांत झाली. मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात, जेथे पावसाच्या एका ओढीसरशी प्रयोग आणि संसार दोन्ही बुडतात, तेथे 'करून पाहा' हा सल्ला देणे सोपे आणि घेणे महाग. ज्याच्या घरात यंदाचेच बियाणे उसनवारीचे आहे, त्याने चार ओळी वेगळ्या पेरून पाहाव्यात कशा? ती जोखीम वाटून घेणारे कोणी भेटले तरच. असे सोबती दूरवर शोधावे लागले, तरी दूरवर संबंध जोडणे या मुलखास अपरिचित नाही : केदारखेड्याजवळचे भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन, ज्याच्या रहिवाशांच्या दानाचे लेख सांचीच्या स्तूपावर कोरलेले आहेत, आणि ज्याच्या उत्खननात निघालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे.

केदारखेड्याच्या रानात भाद्रपदात कपाशी कंबरेला लागते. तिच्या खालच्या फांद्यांवरची पाने सावलीत पिवळी पडत असतात, वरची उन्हात तकतकत असतात, आणि एका बोंडामागे यांतली किती पाने खरोखर राबतात, हे पाहण्यासाठी दोन ओळींतली चिखलाची पायवाट पुरेशी आहे.