सिव्हिलायझेशनमधले अणुबॉम्बवाले गांधीजी: तो बग खरंच होता का?

रात्री साडेअकराला मित्राचा स्क्रीनशॉट आला. खाली मेसेज: "अबे, तुमच्या सेवाग्रामचा म्हातारा माझ्यावर अणुबॉम्ब टाकून राह्यला!"

मी वर्ध्याचा, त्यामुळे असे मेसेज मला नवे नाहीत. पण या वेळी सोबत एक टिअर लिस्टही होती. 'सिव्हिलायझेशन ६' मधले राजे-महाराजे एस, ए, बी अशा रांगांत लावलेले आणि गांधीजी पार तळाला. कारण काय, तर 'बगमुळे डेंजर'.

गेम माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. तुम्ही इतिहासातला एक नेता निवडायचा, एका गावापासून सुरुवात करायची आणि पाळीपाळीने खेळत साम्राज्य उभं करायचं. बाकीचे नेते कॉम्प्युटर चालवतो. पहिला भाग १९९१ चा आणि त्यातही भारताचे नेते गांधीजीच. सहावा भाग २०१८ मध्ये आयफोनवर आणि २०२० मध्ये अँड्रॉइडवर आला.

आता तो प्रसिद्ध किस्सा. म्हणे पहिल्या गेममध्ये प्रत्येक नेत्याला आक्रमकतेचा एक आकडा होता आणि गांधीजींचा सगळ्यात कमी, म्हणजे १. लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा व्हायचे. उत्तर यायला हवं -१. पण आकडा आठ बिटांत साठवलेला, म्हणजे ० ते २५५ एवढीच जागा आणि वजा चिन्हाची सोय नाही. जुन्या गाडीचा किलोमीटरचा काटा शून्यावरून उलटा फिरवला तर ९९९९९ दिसेल ना, तसंच इथे थेट २५५. आणि शांततेचा पुजारी सगळ्यात खुनशी!

याला अंडरफ्लो म्हणतात आणि असे बग प्रोग्रॅमिंगमध्ये खरोखर होतात. म्हणून तर किस्सा पटतो. मी स्वतः कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये तो ठोकून दिला होता. टाळ्याही मिळाल्या. एकानेही विचारलं नाही की हे तुला कुणी सांगितलं.

गेमचे जनक सिड मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात सरळ लिहिलं, असा बग नव्हताच. दुसऱ्या भागाचे डिझायनर ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या म्हणण्यानुसार आक्रमकतेच्या पायऱ्याच फक्त तीन होत्या. गांधीजी सगळ्यात खालच्या पायरीवर, पण जवळजवळ एक तृतीयांश नेते त्यांच्यासोबत तिथेच. आणि समजा २५५ झालेच असते, तरी वागणं तिसऱ्या पायरीसारखंच राहिलं असतं. हा किस्साच इंटरनेटवर आला २०१२ च्या सुमारास, गेमनंतर वीसेक वर्षांनी.

मग मित्राच्या स्क्रीनशॉटमधला बॉम्ब? तो खरा आहे आणि मुद्दाम ठेवलेला आहे. २०१० च्या पाचव्या भागात गांधीजींची अण्वस्त्रांची आवड गमतीने १२ ठेवली गेली, जिथे इतरांचे आकडे दहाच्या आत. सहाव्या भागात बहुतेक डावांत त्यांना अण्वस्त्रप्रेमाचा छुपा अजेंडा मिळतो.

आता त्या टिअर लिस्टची खरी गोची बघा. हा अजेंडा फक्त कॉम्प्युटर गांधीजी खेळवतो तेव्हा लागू होतो. तुम्ही स्वतः गांधीजी निवडलेत तर तुमच्या हाती येतो 'सत्याग्रह': ज्यांनी धर्म स्थापन केलाय आणि ज्यांच्याशी तुमचं युद्ध नाही, अशा प्रत्येक ओळखीच्या संस्कृतीमागे जादा श्रद्धा-गुण. शिवाय तुमच्याशी लढणाऱ्यांची जनता युद्धाला लवकर कंटाळते. धर्माच्या वाटेने जिंकायचं असेल तर हे भारी आहे. हाणामारी आवडत असेल तर २०१८ च्या एक्सपान्शनमधला चंद्रगुप्त घ्या, त्याला शेजाऱ्याच्या प्रदेशावर चाल करून जायचा बोनस आहे. म्हणजे यादी बनवणाऱ्याने शेजारी म्हणून वाईट असलेल्याला नेता म्हणून नापास केलं. शिवाय ज्या माणसाने कधी सत्तेचं पद घेतलं नाही, १९३६ पासून वर्ध्याजवळच्या शेगावात मातीच्या कुटीत मुक्काम केला (त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं), त्याला सम्राटांच्या रांगेत लावायचं हेच मुळात अजब. पण गेमला नेता लागतो, त्याला काय करणार!

मित्राला मी हे सगळं व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. त्याचं उत्तर: "ते ठीक आहे बे, पण माझी राजधानी गेली ना."

तर पुढच्या डावात शेजारी गांधीजी निघाले, तर लवकर दूत पाठवा, व्यापारमार्ग जोडा. ओळख वाढली की छुपा अजेंडा उघड दिसतो, आणि राजधानी जायच्या आत तयारीला वेळ मिळतो.