सप्पाय आणि मात्रा : जुनाट आजारांतील आहारविवेक

पालि साहित्यात ‘सप्पाय’ हा शब्द वारंवार येतो. जे हितकर आणि मानवणारे ते सप्पाय. जे अपाय करते ते असप्पाय. मराठीतील ‘पथ्य’ हा शब्द त्याच्या जवळचा आहे. परंतु पथ्य म्हटले की आपल्यासमोर केवळ निषेधांची यादी उभी राहते. सप्पायात निषेधापेक्षा विवेकपूर्ण निवडीला महत्त्व आहे. मधुमेह व रक्तदाब आपल्या वस्त्यांतील घराघरांत पोहोचले असताना या संकल्पनेचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. आजार म्हणजे पूर्वकर्माचे भोग, ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात मोळियसीवक परिव्राजक नेमका हाच प्रश्न विचारतो. तथागत वेदनांची आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिघांचा सन्निपात, ऋतुपालट, विसमपरिहार, आघात आणि कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मामुळेच घडते, असे म्हणणारे स्वतःचा अनुभव आणि लोकमान्य सत्य या दोहोंना ओलांडून जातात, असे ते स्पष्ट करतात. यांपैकी विसमपरिहार म्हणजे शरीराची अयोग्य निगा. ती सुधारणे पुष्कळ अंशी माणसाच्या हाती असते.

याचे उदाहरण दोणपाक सुत्तात आहे. कोसलराजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे येतो. भोजनाची मात्रा जाणणाऱ्या स्मृतिमान माणसाच्या पीडा कमी होतात, अशा आशयाची गाथा भगवंत सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करून रोज भोजनसमयी म्हणावयास लावतो. हळूहळू त्याचा आहार नाळीभर तांदळाच्या भातावर येतो व शरीर हलके होते. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. बदल एका दिवसात झालेला नाही. आणि राजालाही आठवण करून देणारा सोबती लागला.

परंतु हा उपदेश द्रोणभर खाणाऱ्या राजाला आहे, याचे विस्मरण होऊ नये. शिळ्या तुकड्यांवर दिवस काढलेल्या आपल्या आजा-पणजांना ‘कमी खा’ असे सांगणे हा क्रूर विनोद ठरला असता. मात्रा म्हणजे उपासमार नव्हे; पुरेसे आणि योग्य तेवढे, हाच तिचा अर्थ.

विनयपिटकाच्या महावग्गात शुश्रूषेस कठीण अशा रुग्णाची पाच लक्षणे दिली आहेत. तो असप्पाय तेच करतो. सप्पायातही मात्रा जाणत नाही. औषध घेत नाही. आजाराची खरी स्थिती शुश्रूषा करणाऱ्यास सांगत नाही. आणि वेदना सहन करीत नाही. यातील दुसरे लक्षण विशेष मननीय आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी हितकर खऱ्या; पण भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असे मधुमेह्याने समजू नये. सोबत डाळ, उसळ व पालेभाजी असावी. तंतुमय आहारामुळे रक्तातील साखर सावकाश वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यातच मोजावयाचे असते. शिवाय एकाचे सप्पाय ते दुसऱ्याचे असप्पाय असू शकते : मूत्रपिंडाच्या रुग्णाला डाळी व पालेभाज्याही वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्या लागतात. इन्शुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने आपल्या मनाने उपवास करू नये. आहार हा औषधाचा सोबती आहे, पर्याय नव्हे.

त्याच महावग्गात चांगला शुश्रूषक असप्पाय दूर सारतो आणि सप्पाय जवळ आणतो, असे सांगितले आहे. म्हणजे पथ्य ही एकट्या रुग्णाची जबाबदारी नाही. घरात एकासाठी वेगळे शिजविण्यापेक्षा सर्वांचेच ताट सुधारणे अधिक सुकर होय. पूज्य बाबासाहेबांना अखेरच्या काळात मधुमेहाने किती पीडले, हे आपण जाणतो. १४ एप्रिलला किंवा वैशाख पौर्णिमेला आपण विहारात खीर वा बुंदी वाटतो. त्या पंगतीत बसलेल्या मधुमेही ज्येष्ठांपुढे मोड आलेल्या मटकीची उसळ ठेवली, तर भोजनदान खऱ्या अर्थाने सप्पाय होईल. सुदस्सनाचे काम आपल्यापैकी कोणीही करू शकतो; मात्र ते मैत्रीने व्हावे, धाकाने नव्हे.