पोटॅशियम चढतच नाही तेव्हा

पायांवर सूज म्हणून लघवी जास्त होण्याची गोळी चालू, पित्तासाठी रोज उपाशीपोटी कॅप्सूल, त्यात चार दिवस जुलाब. असा पेशंट वॉर्डात आला की पोटॅशियम कमी निघतं. मग सलाईनमधून पोटॅशियम, तोंडानेही पोटॅशियम. आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट जैसे थे! जातं कुठे हे सगळं?

लघवीतून. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांतल्या पेशींना पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं असतात आणि पेशीतलं मॅग्नेशियम त्यांना आतून अडसर घालून बसलेलं असतं. ते घटलं की दारं सताड उघडी. कॅल्शियमचीही तीच गत, कारण मॅग्नेशियम फार कमी झालं की पॅराथायरॉइड ग्रंथी आपला हार्मोनच नीट सोडत नाही. म्हणजे बोंब दोघांची आणि कारण तिसरंच! हे तिसरं नेहमीच्या सोडियम-पोटॅशियमच्या तपासणीत बहुधा नसतंच. वेगळं लिहून द्यावं लागतं. शरीरात साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं, पण रक्तात त्याचा एक टक्काही नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी आतला साठा आटलेला असू शकतो.

शरीर मात्र खुणा देतं. दंडाला बीपीचा पट्टा बांधून वरच्या दाबापेक्षा थोडा जास्त फुगवायचा आणि तीन मिनिटं थांबायचं. बघता बघता मनगट वाकतं, अंगठा तळव्याकडे वळतो, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम घटल्याची ही खूण 19व्या शतकातल्या त्रूसो या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. घात होतो तो हृदयाच्या ठोक्यांत. ईसीजीतल्या लाटा पीळ पडल्यासारख्या दिसू लागल्या, तर 2 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट काही मिनिटांत शिरेतून देतात.

एरवी घाई नडते. भराभर दिलं तर निम्म्याच्या आसपास लघवीवाटे निघून जातं, म्हणून ते तासन्‌तास सावकाश सोडायचं. गोळ्यांनी पोट बिघडतं, म्हणजे पुन्हा जुलाब! किडनी अधू असेल तर उलटा धोका: मॅग्नेशियम साचतं, आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो, मग श्वास मंदावतो. बाळंतपणाच्या वॉर्डात मॅग्नेशियम चालू असलेल्या बाईच्या गुडघ्यावर सिस्टर हातोडी मारून बघतात ते यासाठीच, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असतं.

आणि ती पित्ताची कॅप्सूल? तिनेही मॅग्नेशियम घटू शकतं असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2011 मध्ये दिला, तेव्हा तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव जणांत नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नव्हतं. कॅप्सूलच बंद करावी लागली.