‘घर खाली करा’ म्हटल्यावर...

भाड्याच्या घरात राहणारा माणूस तीन शब्दांना फार घाबरतो : ‘घर खाली करा.’ ते ऐकून कित्येकजण मुकाट्याने सामान बांधू लागतात. कायदा म्हणतो, थांबा, आधी कारण विचारा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. खासगी मालकाच्या घरातला भाडेकरू भाडे व कायद्याने ठरवलेली वाढ देत असेल, अटी पाळत असेल, तर सहसा त्याला बाहेर काढता येत नाही. भाडे थकले, तर मालकाने लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचे. त्यानंतर दावा झालाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, तिच्यावर १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढेही भाडे भरत राहिले, तर थकबाकीपायी घर जात नाही.

मालकाची बाजूही कायद्याने पाहिली आहे. परस्पर पोटभाडेकरू ठेवला, विनापरवानगी पक्के बांधकाम केले, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, सबळ कारण नसताना सलग सहा महिने घर वापरले नाही, तर ताबा मागता येतो. मालकाला स्वतःलाच जागेची खरी गरज असेल तरीही. मात्र तिथे कोर्ट पाहते, अधिक हाल कोणाचे होतील?

नळ तोडणे, वीज बंद करणे हा मार्ग नव्हे. तोही गुन्हाच आहे. नवरा वारला, पावती त्याच्या नावे होती, म्हणून सोबत राहणाऱ्या बायकोचे छप्पर जात नाही. तिला भाडेकरूचा हक्क मिळू शकतो.

आता एक सावधगिरी. आज पुष्कळ घरे अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. तिथे हे संरक्षण नाही. मुदत संपली की घर सोडावे लागते; न सोडल्यास दुप्पट आकार भरावा लागतो. म्हणून सही करण्यापूर्वी कागदाचे नाव वाचा. करार लेखी व नोंदणीकृत असावा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती झाली नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

भाड्याची लेखी पावती मिळणे हा तुमचा हक्क आहे, ती मागायला संकोच कसला? कोर्टात तोंडी शब्दापेक्षा कागद बोलतो. रेशनकार्ड जिथे जपून ठेवता, तिथेच पावत्याही ठेवा.