पत सांभाळण्याचा व्यवसाय

जाहिरात आणि जनसंपर्क हे दोन व्यवसाय बाहेरून सारखे दिसत असले, तरी त्यांचा व्यवहार निराळा आहे; जाहिरातदार वर्तमानपत्रातील जागा पैसे मोजून घेतो आणि तीत काय छापायचे ते स्वतः ठरवतो, तर जनसंपर्क संस्था आपल्या अशिलाची बाजू पत्रकारांपुढे मांडते आणि ती छापायची की नाही, हा निर्णय संपादकाच्या हाती राहतो. पुरवलेली माहिती अचूक असेल आणि ती कोणाच्या वतीने दिली जात आहे हे लपवले जाणार नाही, अशी ग्वाही अमेरिकेत आयव्ही ली यांनी 1906 मध्ये दिली होती, आणि या व्यवसायाची नैतिक कसोटी आजही तीच आहे.

मुंबईत टाटा समूहाने 1940च्या दशकातच जनसंपर्काचा स्वतंत्र विभाग उभारला होता. मात्र अनेक कंपन्यांसाठी हे काम करणाऱ्या संस्था खऱ्या अर्थाने वाढल्या त्या 1991च्या आर्थिक उदारीकरणानंतर. मदन बहल यांनी राजेश चतुर्वेदी यांच्यासह 1997 मध्ये मुंबईत स्थापन केलेली ‘ॲडफॅक्टर्स पीआर’ ही त्यांतील प्रमुख संस्था होय.

स्थापनेचे हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. समभागांची विक्रीकिंमत पूर्वी केंद्र सरकारचा भांडवल नियंत्रक ठरवत असे. 1992 मध्ये ते नियंत्रण उठले, ‘सेबी’ या नियामक मंडळाला वैधानिक अधिकार मिळाले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत समभाग विक्रीला काढणाऱ्या कंपन्यांची रीघ लागली. त्यांतल्या कित्येक कंपन्या लोकांचे पैसे घेऊन बेपत्ता झाल्या, सामान्य गुंतवणूकदार पोळला, आणि 1997 उजाडेपर्यंत नव्या समभागांचा बाजार थंडावला होता. अशा काळात ‘ॲडफॅक्टर्स’ने आर्थिक क्षेत्रातील कंपन्यांची बाजू मांडण्याचे काम हाती घेणे, म्हणजे गेलेल्या विश्वासाशीच गाठ घालणे होते.

या कामाला शिस्तही कडक लागते. समभाग विक्रीच्या काळात कंपनीच्या प्रवर्तकाने मुलाखतीत काढलेला प्रत्येक शब्द सेबीकडे दाखल केलेल्या माहितीपत्रकाशी जुळावा लागतो, आणि त्यात नसलेल्या नफ्याचा अंदाज सहज बोलताना तोंडून गेला तरी कंपनी अडचणीत येऊ शकते. म्हणून जनसंपर्क सल्लागाराला बोलायला लावण्याइतकेच थांबवताही यावे लागते. गिरगावपासून शीव कोळीवाड्यापर्यंतच्या वाचकाला मराठी दैनिकांत दिसणारे तिमाही निकालांचे बारीक टाइपातील तक्तेही याच व्यवस्थेचा भाग आहेत, कारण नोंदणीकृत कार्यालय ज्या प्रदेशात असेल तेथील भाषेतही अशी सूचना छापण्याचे बंधन शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांवर आले. तक्ता पैसे देऊन छापला जातो. त्या आकड्यांचा अर्थ पत्रकाराला समजावून सांगण्याचे काम जनसंपर्काचे.

बहल यांच्या कारकिर्दीतील सर्वांत ठळक गोष्ट मात्र मालकीची आहे. प्रेमा सागर यांची ‘जेनेसिस’ 2005 मध्ये ‘बर्सन-मार्स्टेलर’ या परदेशी संस्थेकडे गेली, दिलीप चेरियन यांची ‘परफेक्ट रिलेशन्स’ पुढे ‘डेन्ट्सू’ने घेतली; ‘ॲडफॅक्टर्स’ने मात्र भारतीय मालकी न सोडता देशातील सर्वांत मोठ्या जनसंपर्क संस्थांमध्ये स्थान मिळवले. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात, जेथे पूर्वी गिरणीचे भोंगे वाजत तेथे, या संस्थेने आपले कार्यालय थाटले. या यशाइतकेच महत्त्व एका धोक्यालाही दिले पाहिजे: मनुष्यबळ घटलेल्या वृत्तपत्र कचेरीत प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे बातमी म्हणून उतरू लागले, तर वाचकाला बाजू कोणाची हे कळत नाही आणि 1906ची ती ग्वाही निरर्थक ठरते; तेथे जबाबदारी सल्लागाराची जितकी, तितकीच संपादकाचीही आहे.