कफ्फारा

इस्लामी धर्मशास्त्रात विशिष्ट पापांच्या परिमार्जनासाठी सांगितलेले प्रायश्चित्त. ‘झाकणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून हा शब्द बनला असून हिब्रू भाषेतील ‘किप्पूर’ (प्रायश्चित्त) हा शब्द त्याच्याशी सजातीय आहे. शपथभंग, अनवधानाने झालेली मनुष्यहत्या, जिहार (पत्नीस मातेसमान म्हणून वर्ज्य ठरविणे) व रमजानचा रोजा हेतुपुरस्सर तोडणे ही कफ्फाऱ्याची प्रमुख निमित्ते होत. पहिल्या तिहींचे विधान कुराणात (५:८९, ४:९२, ५८:३-४) आहे, रोज्याच्या कफ्फाऱ्याचा आधार मात्र हदीसमध्ये आढळतो.

रमजानमध्ये दिवसा पत्नीशी समागम केलेला एक मनुष्य मुहंमद पैगंबरांकडे आला, अशी कथा अबू हुरैरा यांच्या कथनावरून बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आली आहे. गुलाम मुक्त करणे, सलग दोन महिने रोजे धरणे वा साठ गरिबांना जेवू घालणे यांपैकी काहीच त्याला शक्य नव्हते. पैगंबरांनी त्याला दान करण्यासाठी खजुरांची टोपली दिली. तेव्हा मदीनेत आपल्याहून दरिद्री कुटुंब नाही, असे तो म्हणाला. पैगंबर हसले व ते खजूर घरच्यांनाच खाऊ घालण्यास त्यांनी सांगितले. प्रायश्चित्ताची कठोरता आणि असमर्थाविषयीची करुणा या दोन्ही गोष्टी या कथेत एकत्र आल्या आहेत.

सूर्यास्तानंतर रोजा ‘सोडणे’ हा विधीचा भाग आहे. त्यापूर्वी तो ‘तोडणे’ हे पाप होय. तथापि प्रत्येक चुकलेल्या रोज्यास कफ्फारा लागू होत नाही. विस्मरणाने खाल्ल्यास रोजा मोडत नाही, असे बहुतेक शास्त्रकार मानतात. आजारी, प्रवासी, रजस्वला, गर्भवती व स्तनदा यांना सवलत असून त्यांनी पुढे तितकेच रोजे धरावयाचे असतात. यास ‘कजा’ म्हणतात. वार्धक्य वा असाध्य व्याधी यांमुळे तेही अशक्य असल्यास दर दिवसामागे एका गरिबाला अन्न द्यावे लागते. यास ‘फिदिया’ म्हणतात. धरलेला रोजा सबळ कारणाशिवाय, जाणूनबुजून तोडल्यासच कफ्फाऱ्याचा प्रश्न उद्‌भवतो. त्याने कजा टळत नाही; मोडलेला रोजा वेगळा भरून द्यावा लागतो व तौबा (पश्चात्ताप) आवश्यकच असते.

कोणत्या कृतीने कफ्फारा ओढवतो, याविषयी मतभेद आहेत. पुणे शहरात २०११ च्या जनगणनेनुसार सु. ११ टक्के मुसलमान असून मोमिनपुरा, लष्कर, कोंढवा इ. भागांत त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांत हनफी पंथीय बहुसंख्य असले, तरी कोकणातून आलेले मुसलमान शाफी, तर इराणी वंशाचे अनेक लोक इस्ना अशरी शिया आहेत. परिणामी एकाच शहरात एकाच कृत्याला भिन्न निर्णय लागू शकतो. हनफी मतानुसार हेतुपुरस्सर खाण्यापिण्यानेही कफ्फारा लागतो. शाफी मतानुसार तो केवळ समागमाने लागतो, खाण्यापिण्यास कजा व तौबा पुरेशी होते. या दोन्ही पंथांत तीन उपायांचा क्रम ठरलेला असून पहिला अशक्य असेल तरच दुसरा स्वीकारता येतो. इस्ना अशरी व मालिकी पंथांत निवडीची मुभा आहे.

गुलाममुक्तीचा उपाय आज व्यवहारात उरलेला नाही. भारतात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपुष्टात आली. म्हणून सलग दोन महिन्यांचे रोजे हाच पहिला उपाय ठरतो. पुण्याच्या अक्षांशावर रोज्याचा काळ ऋतुमानानुसार सु. सव्वाबारा ते साडेचौदा तासांचा असतो. हनफी मतानुसार आजारपणामुळेही एक दिवस चुकल्यास गणना पुन्हा आरंभापासून करावी लागते. मासिक पाळीचा खंड मात्र क्षम्य असतो. दोन्ही ईदांच्या दिवशी व बकरी ईदनंतरच्या तीन दिवशी रोजा निषिद्ध आहे. त्यामुळे रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आरंभ केल्यास बकरी ईदपूर्वी साठ रोजे पूर्ण होतात. आठ दिवसांहून अधिक विलंब झाल्यास सलगता भंगते. इस्ना अशरी मतानुसार पहिले एकतीस दिवस सलग असणे पुरेसे असते.

रोजे झेपत नसतील, तर साठ गरिबांना अन्न द्यावयाचे असते. हनफी पंथात प्रत्येकाला दोन वेळचे जेवण अथवा अर्धा ‘सा’, म्हणजे भारतातील प्रचलित गणनेनुसार सु. पावणेदोन किग्रॅ. गहू वा त्याची किंमत देतात. शाफी पंथात प्रत्येकाला एक ‘मुद’ (‘सा’चा चौथा भाग) धान्य देतात. स्वतःवर अवलंबून असलेल्या कुटुंबियांस हे अन्न देऊन प्रायश्चित्त फिटत नाही. वरील कथेतील सवलत अपवादात्मक मानली जाते.

भारतात कफ्फारा हा सर्वस्वी सदसद्‌विवेकाचा विषय आहे. १९३७ च्या शरीयत अधिनियमात विवाह, वारसा इ. विषय येतात, रोजे येत नाहीत. मुफ्तीचा फतवा कायद्याने बंधनकारक नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. या संदर्भात पुण्यातील एका वेगळ्या प्रायश्चित्ताशी तुलना उद्‌बोधक ठरते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून लो. टिळक, न्या. रानडे प्रभृतींवर बहिष्काराचा प्रसंग आला आणि रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. तेथे प्रायश्चित्ताचा मुख्य हेतू जातीत पुन्हा प्रवेश मिळावा हा होता. रोजा तोडणारा मात्र समाजाबाहेर जात नाही. त्याचा अपराध ईश्वराप्रती असतो व तो उघड करण्याचे बंधन नसते. ज्या भुकेचे व्रत त्याने मोडले, तीच भूक साठ दिवस सोसून अथवा साठ भुकेल्यांना तृप्त करून तो त्याची भरपाई करतो.